अदृश्याचे भाषांतर : अरेषीय वारंवारता रूपांतरणाधारित मध्य-अवरक्त अतिवर्णपटीय प्रतिमांकनाची चिकित्सा
(हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

पदार्थाची रासायनिक ओळख मध्य-अवरक्त प्रारणात दडलेली असते. परंतु त्या प्रारणाची प्रतिमा घेणारे पारंपरिक कॅमेरे महाग असतात आणि अतिशीत तापमानावर चालवावे लागतात. अरेषीय स्फटिकाच्या साहाय्याने हे प्रारण साध्या सिलिकॉन कॅमेऱ्याला दिसेल अशा तरंगलांबीत आणण्याचे तंत्र २०१२ नंतर झपाट्याने विकसित झाले आहे. या तंत्राविषयी शीतकाविना संवेदनशीलता, रासायनिक ओळख आणि गती असे तीन प्रमुख दावे केले जातात. प्रस्तुत लेखात या दाव्यांची चिकित्सा केली असून हिंगोली जिल्ह्यातील हळदीच्या गुणवत्ता-परीक्षणाचा प्रश्न कसोटी म्हणून घेतला आहे. तंत्र सैद्धांतिकदृष्ट्या सकस आहे. मात्र त्याच्या यशाचे निकष कॅमेऱ्याच्या बाजूने ठरविले गेले आहेत, वापरणाऱ्याच्या प्रश्नाच्या बाजूने नव्हे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मध्य-अवरक्त प्रारण, अरेषीय प्रकाशिकी, वारंवारता रूपांतरण, अतिवर्णपटीय प्रतिमांकन, हळद, भेसळ, लायगो-इंडिया

१. प्रस्तावना

नवीन तंत्रज्ञानाविषयीचे आपल्याकडील लेखन प्रामुख्याने दोन प्रकारचे आढळते. पहिला प्रकार परिचयात्मक होय. त्यात तंत्राचे गुणगान असते आणि शेवटी ‘भविष्यात हे तंत्र वरदान ठरेल’ असे वाक्य असते. दुसरा प्रकार प्रकल्प-प्रस्तावांचा होय. त्यात त्याच गुणगानाला अंदाजपत्रक जोडलेले असते. साहित्यकृतीची समीक्षा जशी तिच्या आशयाला व अभिव्यक्तीला प्रश्न विचारते, तशी समीक्षा वैज्ञानिक तंत्राचीही होऊ शकते, नव्हे ती व्हावयास हवी, ही जाणीव आपल्या महाविद्यालयीन विश्वात अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

अरेषीय वारंवारता रूपांतरणाच्या साहाय्याने केले जाणारे मध्य-अवरक्त अतिवर्णपटीय प्रतिमांकन हा अशा समीक्षेसाठी अतिशय योग्य विषय आहे. एक तर त्यामागील कल्पना मूलगामी आहे. दुसरे असे की, अन्नपदार्थांतील भेसळ, ऊतींचे परीक्षण, वायुगळती अशा अनेक क्षेत्रांत त्याच्या उपयोगाची भाषा केली जाते. तिसरे आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याशी या विषयाचे दोन धागे जुळतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यामुळे शुद्धतेच्या परीक्षणाला येथे आर्थिक अर्थ प्राप्त झाला आहे. तर औंढा नागनाथ तालुक्यात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेत हीच अरेषीय प्रकाशिकी वेगळ्या कामासाठी वापरली जाणार आहे. हे दोन संदर्भ समोर ठेवून प्रस्तुत विषयाचा विचार येथे केला आहे.

२. संकल्पना आणि परिभाषा

विषयाच्या नावातच चार संज्ञा आहेत. त्यांचा अर्थ स्पष्ट केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

‘अवरक्त’ म्हणजे तांबड्याच्या खालचे. येथे खालचे म्हणजे कमी वारंवारतेचे. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवून या प्रारणाचा शोध लावला. मानवी डोळ्यास साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. अवरक्त पट्ट्याचा मधला भाग, ढोबळमानाने अडीच ते पंचवीस मायक्रोमीटर, हा रसायनशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत बोलका होय. रेणूंतील अणूंचे बंध ज्या वारंवारतांवर कंप पावतात, त्या याच पट्ट्यात येतात. कार्बन-हायड्रोजन बंध ३.४ मायक्रोमीटरच्या आसपास, ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ३ मायक्रोमीटरच्या आसपास, तर कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध ५.८ मायक्रोमीटरच्या आसपास प्रारण शोषतो. साडेसहा मायक्रोमीटरच्या पुढील भागाला तर ‘बोटांच्या ठशांचा प्रदेश’ असेच म्हटले जाते, कारण तेथील शोषणरेषांचा आकृतिबंध प्रत्येक रेणूगणिक वेगळा असतो.

‘अतिवर्णपटीय प्रतिमा’ म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी संपूर्ण वर्णपट नोंदविलेली प्रतिमा. साध्या रंगीत छायाचित्रात प्रत्येक बिंदूसाठी तीन आकडे असतात; येथे शंभर किंवा त्याहून अधिक असतात. लांबी, रुंदी आणि तरंगलांबी अशा तीन मिती मिळून माहितीचा एक घन तयार होतो. भारताने २९ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडलेला हायसिस हा उपग्रह याच तत्त्वावर कार्य करतो, परंतु त्याचा पल्ला २.४ मायक्रोमीटरपर्यंतच आहे. चांद्रयान-२ वरील अवरक्त वर्णपटमापक ५ मायक्रोमीटरपर्यंत जातो, मात्र त्यासाठी त्याचा संवेदक अतिशीत ठेवावा लागतो. अतिवर्णपटीय प्रतिमांकन मध्य-अवरक्तात नेण्यातील अडचण या दोन उदाहरणांवरून लक्षात यावी.

‘अरेषीय’ ही संज्ञा गणितातून आली आहे. सामान्य काच प्रकाशाला प्रमाणात प्रतिसाद देते, म्हणजे प्रकाश दुप्पट केला की प्रतिसाद दुप्पट होतो. काही स्फटिकांत, प्रकाश पुरेसा तीव्र असेल तर, हे साधे प्रमाण मोडते आणि दोन वेगवेगळ्या प्रकाशलहरींचा गुणाकार झाल्याप्रमाणे नवी लहर निर्माण होते. तिची वारंवारता मूळ दोहोंच्या बेरजेइतकी असते. हेच ‘वारंवारता रूपांतरण’ होय.

येथे परिभाषेसंबंधी एक निरीक्षण नोंदविणे आवश्यक वाटते. शालेय पाठ्यपुस्तकांत ज्याला ‘वारंवारता’ म्हटले आहे, त्यालाच मराठी विश्वकोशात ‘कंप्रता’ म्हटले आहे. ‘अतिवर्णपटीय’ हा शब्द तर अद्याप पूर्णपणे रुळलेला नाही. पदवी प्रथम वर्षाला येणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी या पर्यायांच्या गर्दीत अडखळतो आणि शेवटी इंग्रजी शब्द अर्थाशिवाय पाठ करतो. परिभाषा एकच असावी असा आग्रह धरण्यापेक्षा, प्रत्येक संज्ञा प्रथम येते तेथे तिची प्रक्रिया वाक्यात सांगावी, हा मार्ग अधिक फलदायी होय.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाचा लेसर कार्यान्वित केला आणि पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, पीटर फ्रँकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६९४.३ नॅनोमीटरचा तांबडा लेसर-प्रकाश क्वार्ट्झ स्फटिकातून पाठवून त्याच्या निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे सुमारे ३४७ नॅनोमीटरचा जंबुपार प्रकाश मिळविला. हा संकेत अतिशय क्षीण होता. छायाचित्रपटलावर त्याचा केवळ एक बारीक ठिपका उमटला होता आणि शोधनिबंध छापताना तो ठिपका डाग समजून काढून टाकला गेला. अरेषीय प्रकाशिकीचा पहिला पुरावाच मुद्रणात पुसला गेला ही घटना विनोद म्हणून सांगितली जाते. परंतु संकेत कोणता आणि डाग कोणता, हा या क्षेत्राचा मूलभूत प्रश्न तिने आरंभीच उपस्थित केला होता, असे म्हणावे लागेल.

१९६२ मध्ये निकोलस ब्लोमबर्गन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या परिणामाची सैद्धांतिक मांडणी केली. ब्लोमबर्गन यांना १९८१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९६८ मध्ये जॉन मिडविंटर यांनी लिथियम नायोबेट स्फटिकाच्या साहाय्याने १.६ मायक्रोमीटरची अवरक्त प्रतिमा दृश्य प्रकाशात आणून दाखविली. म्हणजेच प्रतिमा-रूपांतरणाची कल्पना अर्धशतकाहून अधिक जुनी आहे. ती मागे पडली, कारण कार्यक्षमता नगण्य होती. १९९० च्या दशकात ठरावीक अंतराने ध्रुवण उलटविलेले लिथियम नायोबेट स्फटिक सुलभ झाले आणि परिस्थिती पालटली. २०१२ मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील डॅम, टिडेमांड-लिख्टेनबर्ग आणि पेडरसन यांनी सामान्य तापमानावर, एकेका फोटॉनच्या पातळीवरील मध्य-अवरक्त वर्णपटीय प्रतिमांकन सादर केले. २०१९ मध्ये ते व्हिडिओच्या गतीपर्यंत आणि त्यानंतर चीनमधील संशोधकांनी त्याही पलीकडे नेले.

४. तंत्राची कार्यपद्धती

तंत्राचे तत्त्व थोडक्यात असे सांगता येईल. नमुन्याकडून आलेला ३ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त फोटॉन आणि १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रबळ लेसरचा फोटॉन स्फटिकात एकत्र येतात. दोहोंच्या ऊर्जेची बेरीज होऊन सुमारे ७८५ नॅनोमीटरचा एक नवा फोटॉन बाहेर पडतो. ३.४ मायक्रोमीटरचा फोटॉन असेल तर उत्तर सुमारे ८१० नॅनोमीटर येते. या दोन्ही तरंगलांब्या साध्या सिलिकॉन कॅमेऱ्याला उत्तम दिसतात. अवरक्ताची दिशा नव्या प्रकाशात जतन होत असल्यामुळे केवळ तीव्रताच नव्हे तर संपूर्ण प्रतिमा स्थलांतरित होते.

अर्थात हे आपोआप घडत नाही. स्फटिकाच्या प्रत्येक बिंदूवर निर्माण होणारी नवी लहर आधीच्या लहरीशी जुळती असावी लागते. लेझीमच्या फडात एकाचे पाऊल पुढे आणि दुसऱ्याचे मागे पडले तर ताल उभा राहत नाही, तसेच येथे होते. वेगवेगळ्या तरंगलांब्यांसाठी स्फटिकाचा अपवर्तनांक वेगवेगळा असल्याने लहरी लवकरच परस्परांना मारक ठरतात. स्फटिकाचे ध्रुवण काही मायक्रोमीटरांच्या अंतराने उलटसुलट केले म्हणजे बिघडलेला ताल पुन:पुन्हा सावरला जातो. याला आपण ‘कला-जुळणी’ म्हणू. ही जुळणी एका वेळी तरंगलांबीच्या अरुंद पट्ट्यासाठीच साधते, आणि तंत्राचे गुण व दोष हे दोन्ही याच एका गोष्टीतून उद्भवतात.

५. तीन दाव्यांची चिकित्सा

५.१ शीतकाविना संवेदनशीलता

खोलीच्या तापमानाला असलेली प्रत्येक वस्तू, खुद्द कॅमेऱ्यासह, अवरक्त प्रारण उत्सर्जित करीत असते. २७ अंश सेल्सिअसला त्याचे शिखर १० मायक्रोमीटरच्या आसपास येते. म्हणून पारा-कॅडमियम-टेल्युराइड किंवा इंडियम-अँटिमनाइडचे संवेदक द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत थंड करावे लागतात. रूपांतरणाच्या तंत्रात मात्र स्फटिक केवळ जुळलेल्या पट्ट्यातील प्रारण रूपांतरित करतो आणि उर्वरित उष्णताजन्य प्रारण आपसूक गाळले जाते. सिलिकॉन कॅमेऱ्याला तर ते दिसतच नाही. २०१२ च्या प्रयोगात प्रत्येक प्रतिमाबिंदूमागे सेकंदाला ०.२ फोटॉन इतकाच अंधार-गोंगाट आढळला. हा दावा तत्त्वत: मान्य करावा लागतो.

तथापि त्याच प्रयोगातील कार्यक्षमतेचा आकडा सावधपणे वाचला पाहिजे. तो २० टक्के आहे. १९६१ साली कोट्यवधी फोटॉनांतून एखादा रूपांतरित होत असे, हे ध्यानी घेता ही प्रगती थक्क करणारी आहे. परंतु हा आकडा ३ मायक्रोमीटरच्या ‘ध्रुवित’ प्रकाशासाठी आहे. नैसर्गिक प्रकाशाचा अर्धा भाग ध्रुवणाच्या अटीमुळे आधीच बाद होतो. शिवाय प्रबळ लेसर स्वत:च स्फटिकात अनाहूत फोटॉन निर्माण करतो आणि तेही रूपांतरित होऊन प्रतिमेत मिसळतात. ५ मायक्रोमीटरच्या जवळ जेथे स्फटिक स्वत: प्रारण शोषू लागतो, तेथे तो ते उत्सर्जितही करू लागतो. थोडक्यात, शीतक गेला पण त्याच्या जागी प्रबळ लेसर, त्याची आरशांची पोकळी आणि तापमान-नियंत्रित स्फटिक आला. अडचण नाहीशी झाली नसून तिचे स्थान बदलले आहे. हे स्थानांतर प्रगत प्रयोगशाळेला परवडते. वारंवार वीज खंडित होणाऱ्या तालुक्याच्या ठिकाणी ते कितपत परवडेल, हा प्रश्न शिल्लक राहतो.

५.२ रासायनिक ओळख

या तंत्राची ओळख करून देताना ‘मध्य-अवरक्त म्हणजे रेणूंच्या बोटांचे ठसे’ हे वाक्य हमखास येते. येथेच सर्वांत मोठी गफलत आहे. ठशांचा प्रदेश साडेसहा मायक्रोमीटरच्या पुढे आहे, तर लिथियम नायोबेट स्फटिक ५ मायक्रोमीटरच्या आसपासच अपारदर्शक होतो. म्हणजे सर्वांत यशस्वी प्रयोग ज्या स्फटिकावर झाले, तो स्फटिक ठशांच्या प्रदेशात शिरूच शकत नाही. त्याला दिसतात ते मुख्यत: ३ ते ५ मायक्रोमीटरमधील हायड्रोजनयुक्त बंध. पाणी, स्निग्ध पदार्थ, मिथेनसारखे वायू यांच्यासाठी हा पट्टा उत्तम आहे. मिथेनचे प्रबळ शोषण ३.३ मायक्रोमीटरला असल्यामुळे वायुगळतीच्या शोधासाठी हे तंत्र खरोखर सुयोग्य ठरते. परंतु कार्बन-हायड्रोजन बंध जवळपास सर्वच सेंद्रिय पदार्थांत असतात. त्यावरून एक सेंद्रिय पदार्थ दुसऱ्यापासून वेगळा ओळखणे म्हणजे केवळ उंचीवरून माणूस ओळखण्यासारखे होय.

सिल्व्हर गॅलियम सल्फाइड, झिंक जर्मेनियम फॉस्फाइड हे स्फटिक सुमारे १२ मायक्रोमीटरपर्यंत पारदर्शक आहेत. मात्र झिंक जर्मेनियम फॉस्फाइड १०६४ नॅनोमीटरच्या लेसरलाच काही प्रमाणात शोषतो, तर सिल्व्हर गॅलियम सल्फाइड तीव्र प्रकाशात लवकर इजा पावतो. म्हणजे पल्ला वाढवावा तर तीव्रता घटवावी लागते आणि तीव्रता घटली की कार्यक्षमता घटते. दुसरीकडे, १९९४ मध्ये शोधल्या गेलेल्या क्वांटम कॅस्केड लेसरने ठशांच्या प्रदेशात थेट प्रतिमांकनाचा मार्ग खुला केला असून तेथे शीतकाविना चालणारे संवेदकही वापरता येतात. रूपांतरण तंत्राच्या मूल्यमापनात या प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख बहुधा ओझरता येतो. तो केंद्रस्थानी यावयास हवा.

५.३ गती आणि घन

तिसरा दावा गतीचा आहे. व्हिडिओच्या गतीने प्रतिमा मिळतात हे खरे. परंतु एका प्रतिमेची गती आणि संपूर्ण घनाची गती या दोन भिन्न गोष्टी आहेत. कला-जुळणी अरुंद पट्ट्यासाठीच साधत असल्याने प्रत्येक तरंगलांबीसाठी स्फटिकाचे तापमान, कोन किंवा प्रदीपक लेसर बदलावा लागतो. त्यातही स्फटिकात तिरप्या दिशेने येणाऱ्या किरणांसाठी जुळणारी तरंगलांबी वेगळी असते. परिणामी, विस्तृत वर्णपटाने उजळलेल्या दृश्याच्या एकाच चौकटीत मध्यभागी एक तरंगलांबी आणि कडेला दुसरी असे मिश्रण होऊ शकते. मग अनेक चौकटी घेऊन गणिताने घन रचावा लागतो. वाचकाला दाखविली जाणारी सुबक रंगीत प्रतिमा ही अशा पुनर्रचनेचे फलित असते.

प्रतिमेच्या सूक्ष्मतेसंबंधीही अशीच देवाणघेवाण आहे. लेसरचा झोत जितका रुंद तितकी प्रतिमा सूक्ष्म, परंतु झोत रुंदावला की तीव्रता व पर्यायाने कार्यक्षमता घटते. शिवाय ७८५ नॅनोमीटरला प्रतिमा नोंदविली म्हणून तिची सूक्ष्मता ७८५ नॅनोमीटरची होत नाही. नमुन्यापाशी प्रकाश ३ मायक्रोमीटरचाच होता आणि सूक्ष्मतेची मर्यादा तेथेच निश्चित झालेली असते. भाषांतर कितीही सरस असले तरी मूळ संहितेत नसलेला तपशील त्यात येऊ शकत नाही, आणि आला तर तो भाषांतरकाराचा असतो, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना सांगावयास नको.

६. हळदीची कसोटी

वरील विवेचन प्रत्यक्ष प्रश्नावर घासून पाहू. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत हळद हे महत्त्वाचे नगदी पीक झाले आहे. वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये निजामाबाद येथे सुरू झाले. मोंढ्यात बीटाच्या वेळी व्यापारी हळकुंड मोडून आतील रंग पाहतो, हातात घेऊन ओल अजमावतो आणि कांडी व गट्टू यांचे वेगळे भाव पुकारतो. हा निर्णय अनुभवाचा असतो, परंतु तो एकतर्फी असतो. त्यावर अपील नाही. म्हणूनच वस्तुनिष्ठ मोजमापाची अपेक्षा रास्त आहे.

परीक्षणात चार प्रश्न येतात : ओलावा किती, कर्क्युमिन किती, मेटॅनिल यलोसारखा कृत्रिम रंग आहे काय, आणि शिसेयुक्त लेड क्रोमेट आहे काय.

ओलाव्यासाठी ३ मायक्रोमीटरचा पट्टा अनुकूल आहे. परंतु पाण्याचे शोषण तेथे इतके प्रबळ असते की प्रारण पृष्ठभागाखाली जेमतेम काही मायक्रोमीटर शिरते. पॉलिश केलेल्या हळकुंडाची साल कोरडी आणि गाभा ओला असेल तर यंत्र साल मोजेल. निकट-अवरक्ताची तुलनेने स्वस्त उपकरणे अधिक खोल जातात आणि हे काम आजही करतात.

कर्क्युमिनच्या ठळक शोषणरेषा ६ ते ७ मायक्रोमीटरच्या दरम्यान येतात, म्हणजे लिथियम नायोबेटच्या कक्षेबाहेर. याउलट, हळदीचा अर्क अल्कोहोलमध्ये घेऊन ४२५ नॅनोमीटरला त्याचे शोषण मोजण्याची प्रस्थापित पद्धत रसायनशास्त्र विभागातील साध्या वर्णपटप्रकाशमापकावर होऊ शकते.

मेटॅनिल यलोबाबत २०१६ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास उद्बोधक आहे. हळद पुडीत हा रंग अवरक्त वर्णपटमापनाने ५ टक्क्यांपर्यंत, तर रामन वर्णपटमापनाने १ टक्क्यापर्यंत ओळखता आला. म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम येथे अवरक्तापेक्षा सरस ठरला. साध्या तपासणीसाठी हायड्रोक्लोरिक आम्लाची जुनी कसोटी आहेच : पाणी घालून विरल केल्यावरही गुलाबी रंग टिकून राहिला तर संशयाला जागा आहे.

सर्वांत गंभीर प्रश्न शिशाचा आहे. बांगलादेशात हळकुंडांना चकचकीत पिवळेपणा आणण्यासाठी लेड क्रोमेट वापरले जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. आपल्या देशात हळदीतील शिशाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग इतकी आहे. क्रोमेटचे शोषण १२ मायक्रोमीटरच्या जवळपास येते, जेथे रूपांतरणाचे बहुतेक स्फटिक हात टेकतात. आणि जे तंत्र टक्क्यांच्या भाषेत बोलते, त्याने दशलक्षांशाच्या मर्यादेचे प्रमाणपत्र देणे सर्वथा अशक्य आहे. त्यासाठी क्ष-किरण प्रतिदीप्ती किंवा मूलद्रव्य-विश्लेषणाच्या पद्धतीच वापराव्या लागतात. एक गोष्ट मात्र तंत्राच्या बाजूने नोंदविली पाहिजे. पुडीतील भेसळ सरमिसळ होण्याआधी कणाकणांनी वेगळी असते. सरासरी मोजणाऱ्या उपकरणाला १ टक्का भेसळ पुसट दिसते, परंतु बिंदूबिंदूचा वर्णपट घेणाऱ्या प्रतिमेत भेसळीचा एखादा कण त्या बिंदूपाशी शंभर टक्के असू शकतो. अतिवर्णपटीय प्रतिमांकनाचे खरे सामर्थ्य येथे आहे आणि पल्ला वाढविणारे स्फटिक सुधारल्यास ते हळदीलाही लागू पडेल.

परंतु येथेही नमुना-निवडीचा प्रश्न सुटत नाही. एक ग्रॅम पूड पसरून प्रतिमा घेतली तर ती एका क्विंटलचा एक लाखावा भाग होय. दोनशे गुणिले शंभर बिंदू आणि शंभर तरंगलांब्या धरल्या तर वीस लाख आकडे हाती येतात, पण ते सर्व त्या एका ग्रॅमविषयी असतात. आकड्यांच्या विपुलतेला प्रातिनिधिकता समजण्याची चूक झाल्यास तोटा शेतकऱ्याचा होईल. पूर्वी तो व्यापाऱ्याच्या नजरेशी निदान हुज्जत घालू शकत होता. रंगीत प्रतिमेशी त्याला हुज्जत घालता येणार नाही. म्हणून यंत्र कोणाच्या ताब्यात, नमुना कोणी काढला आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणीचा हक्क आहे काय, हे प्रश्न तांत्रिक तपशिलाइतकेच महत्त्वाचे ठरतात.

७. लायगो-इंडिया : दुसरा धागा

अरेषीय प्रकाशिकी हिंगोलीसाठी परकी नाही, हे लायगो-इंडियाच्या निमित्ताने सांगता येईल. या प्रकल्पास फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वत: आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता मिळाली. ११ मे २०२३ रोजी त्याची पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून जाणारा लेसर १०६४ नॅनोमीटरचाच असतो, म्हणजे अवरक्त प्रतिमा-रूपांतरणात जो लेसर वापरला जातो त्याच तरंगलांबीचा. अमेरिकेतील लायगो वेधशाळांत २०१९ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या निरीक्षणसत्रापासून ‘संकोचित प्रकाश’ वापरला जातो. त्यासाठी १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश प्रथम ५३२ नॅनोमीटरमध्ये रूपांतरित करतात आणि मग दुसऱ्या अरेषीय स्फटिकात त्या हिरव्या फोटॉनांपासून परस्परसंबद्ध फोटॉनांच्या जोड्या तयार करतात. त्यामुळे प्रकाशाच्या पुंजीय गोंगाटाचा एक भाग दबतो.

येथे रूपांतरण प्रतिमा दाखविण्यासाठी नाही, मोजमापातील अनिश्चितता कमी करण्यासाठी आहे. गुरुत्वीय लहरींच्या क्षेत्रात प्रत्येक संकेताची पारख डाग आणि संकेत यांतील फरकाच्या कठोर निकषांवर होते. शक्यतो दोन दूरस्थ वेधशाळांत तो आढळावा अशी अपेक्षा असते. फ्रँकेन यांच्या पुसल्या गेलेल्या ठिपक्यापासून या क्षेत्राने घेतलेला हा धडा होय. मध्य-अवरक्त प्रतिमांकनाच्या क्षेत्रानेही तोच कठोरपणा स्वीकारावा, अशी अपेक्षा करणे अनाठायी ठरणार नाही.

८. निष्कर्ष

१. अरेषीय वारंवारता रूपांतरणाधारित प्रतिमांकनाची मूळ कल्पना भक्कम असून शीतकाविना अतिक्षीण मध्य-अवरक्त संकेत नोंदविण्यात त्याने मिळविलेले यश नि:संशय आहे.

२. ‘रेणूंचे ठसे’ हा दावा ३ ते ५ मायक्रोमीटरच्या पट्ट्यापुरता अतिव्याप्त आहे. स्फटिकाची पारदर्शकता ही मर्यादा प्रत्येक मांडणीत आरंभीच सांगितली गेली पाहिजे.

३. गती, सूक्ष्मता, पल्ला आणि कार्यक्षमता यांची कमाल एकाच वेळी साधता येत नाही. वेगवेगळ्या प्रयोगांतील सर्वोत्तम आकडे एकत्र करून तंत्राचे चित्र रंगविणे दिशाभूल करणारे आहे.

४. हळदीच्या चार प्रश्नांपैकी एकाचेही समाधानकारक उत्तर हे तंत्र आज देत नाही. त्यांची उत्तरे अधिक साध्या पद्धतींनी मिळतात. भेसळीचे विखुरलेले कण शोधण्यात मात्र त्यास भविष्य आहे.

५. आपल्या भागातील महाविद्यालयांनी अशा विषयांकडे पाठ फिरवू नये, तसेच केवळ शीर्षकाच्या झगमगाटावर प्रकल्प-प्रस्तावही लिहू नयेत. स्थानिक हळदीच्या नमुन्यांचा, त्यांचा ओलावा, कर्क्युमिन व मूलद्रव्ये प्रमाणित पद्धतींनी मोजून केलेला खात्रीशीर संग्रह हे काम भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि अर्थशास्त्र या विभागांनी मिळून आजच हाती घेता येण्यासारखे आहे. उद्या कोणतेही यंत्र आले तरी त्याला पारखण्यासाठी असा संग्रहच लागेल, आणि तो नसेल तर यंत्र सांगेल ते मान्य करण्यावाचून शेतकऱ्यापुढे आणि आपल्यापुढेही पर्याय उरणार नाही.